डोंग्यातली आंघोळ

माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, डोंग्यात बसून आंघोळ करत. नदीत नव्हे, अंगणात. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराच्या अंगणात एक जुना लाकडी डोंगा, म्हणजे लहानशी नाव, आडवा पडलेला असे. उन्हाळा लागला की सकाळी नऊच्या ठोक्याला मामाजी पंचा नेसून, हातात बादली-लोटा घेऊन त्यात चढत, मधोमध मांडी घालून बसत आणि कुणाला तरी शिक्षा देत असल्यासारखे डोक्यावर लोटे ओतत. साबण लावत नसत, कारण लाकडाला सोसत नाही. त्याच अंगणात, चार हातांवर, माझ्या मेसमध्ये जेवणाऱ्या बाबू लोकांनी वरण-भाताचा पहिला घास उचललेला असे. शिंतोडे ताटापर्यंत कधी आले नाहीत, पण येतील अशी धास्ती जेवणाऱ्याला शेवटच्या घासापर्यंत राही. मामाजींना तेच हवं होतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मला हा माणूस आवडत नव्हता. त्यांनाही मी आवडत नव्हते. लग्न होऊन मी गोंदियाहून इथे आले, त्या पहिल्याच दिवाळीत आमचं काय ते ठरून गेलं. मी केलेल्या करंज्यांचं ताट त्यांनी पुढे ओढलं, एक करंजी उचलली आणि तिच्या मुरडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"नख जाते," म्हणाले, आणि करंजी परत ताटात ठेवली.

हे नख म्हणजे मामाजींचा सगळा स्वभाव. नोकरीभर त्यांनी रेल्वेत मालगाडीचे डबे दुरुस्त केले. दोन पत्रे जोडले की त्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचं, नख अडकलं तर काम परत करायचं, ही तिथली त्यांची रीत. रिटायर झाल्यावर वर्कशॉप सुटलं, नख सुटलं नाही. खिडकीची चौकट, डब्याचं झाकण, शेजाऱ्याच्या नव्या फरशीचा सांधा, पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईचा खोका, सगळ्यांवरून ते नख फिरे. "नख जाते" म्हटलं की ती वस्तू आणि ती करणारा माणूस दोन्ही मोडीत निघाले. त्यांच्या लेखी मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच मोडीत निघाले होते. माझा नवरा मध्ये पडणाऱ्यांतला नव्हता. त्याने जन्मभर बापालाही "हव", म्हणजे हो, म्हटलं आणि मलाही "हव" म्हटलं, आणि बँकेत निघून गेला.

सासूबाई गेल्यानंतर दोन-तीन वर्षांत छत्तीसगढ वेगळं झालं आणि आमचं शहर राजधानी झालं. भोपाळहून सरकारी कचेऱ्यांतल्या बाबू लोकांचे जथेच्या जथे आले. बायकापोरं तिकडेच ठेवून, एकेका खोलीत तिघे-चौघे राहायचे आणि हॉटेलातलं तेल खाऊन पोटं धरून बसायचे. आमच्या गल्लीत राहणाऱ्या दोघांना मी एकदा आजारपणात मऊ भात पाठवला. त्यानंतर ते दोघे पोळ्या मागायला आले, मग चौघे आले, आणि पाहता पाहता अंगणात माझी मेस उभी राहिली. दोन लांब बाकं, एक ताडपत्री, कोपऱ्यात मोठी चूल. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं असं काही उभं राहिलं होतं आणि ते त्या अंगणात होतं. घरात दुसरी जागाच नव्हती.

मामाजींना ते पहिल्या दिवसापासून खुपलं. "घराचा ढाबा करून टाकला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. जेवणाऱ्यांच्या अंगावरून, नमस्काराला उत्तर न देता, खाकरत जात. घर त्यांच्या नावावर होतं, आणि याची ते मला दर दोन दिवसांनी आठवण करून देत. मी म्हणायची, घर तुमचं असेल, स्वयंपाक माझा आहे. असं आमचं चाललेलं असताना एके दिवशी तो डोंगा आला.

महादेव घाटावर खारून नदीच्या काठी तो वर्षानुवर्षं पालथा पडून होता. ज्या केवटाचा, म्हणजे नावाड्याचा, होता त्याने दुसरी मोठी नाव घेतली होती आणि याच्याखाली त्याच्या शेळ्या बसत. मामाजींनी तो विकत घेतला, टेम्पोत घातला आणि चार हमाल घेऊन मागच्या गल्लीत उभे राहिले. दारातून डोंगा येईना. मग मामाजींनी दार चौकटीसकट उखडलं. डोंगा आत आला, माझी बाकं भिंतीला गेली, ताडपत्रीचा एक बांबू मोडला. ती चौकट त्यांनी नंतर स्वतःच परत बसवली. तिच्या सांध्यात आजही बोट जातं, नखाचं सोडा.

"हे काय आणलं मामाजी?" मी विचारलं.

"दिसत नाही काय? डोंगा."

"इथं काहून? इथं माही लोकं जेवतात."

"तुही लोकं जेवतात, माहा डोंगा राहते. आंगण कोणाचं आहे?"

टेम्पोबरोबर आलेला केवट आमच्या दोघांकडे पाहून हसत होता. "सरई के लकड़ी हे दीदी," तो मला समजावू लागला, "बने हे." सरई म्हणजे सालाचं लाकूड. ते चांगलं असेलही. मला त्यातून येणारा शेळ्यांचा वास तेवढा कळत होता.

डोंगा कशाला हवा होता, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांचं लहानपण भंडाऱ्याकडे, वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यात गेलं. शाळा पलीकडच्या काठाला, म्हणून रोजचं जाणं-येणं डोंग्यातून. पुढे रेल्वेत लागले आणि नदी सुटली. "जिंदगीभर रुळावरच्या गाड्या केल्या," ते म्हणत. "रूळ जाईन तिकडंच जाते ते. आता एक अशी करतो का जिले रूळ नाही." हे वाक्य ते गल्लीतल्या लोकांना इतकं सांगत, की शेवटी माझ्या मुलीला ते पाठ झालं. ती हिंदीत बोलणारी पोर. मैत्रिणींना सांगायची, "हमारे आबाजी बिना पटरी की ट्रेन बना रहे हैं." मला त्या वाक्यात तेव्हा काही गोड वाटलं नाही. ज्याला बिनरुळाची गाडी करायची आहे त्याने ती माझ्या चुलीसमोर का करावी, एवढाच माझा प्रश्न होता.

पूर्ण फाल्गुन आणि चैत्र मामाजी डोंगा खरवडत होते. खालचा भाग एकाच खोडातून कोरलेला, वर दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून उंची वाढवलेली. त्या फळ्यांच्या सांध्यांतून जुनं डांबर, चिखल, शेळ्यांच्या लेंड्या असं काय काय निघत राहिलं. वारा सुटला की ते सगळं उडत माझ्या कणकेकडे येई. मी चुलीभोवती साड्यांचे पडदे बांधले. ते म्हणाले, आता तमाशाचा तंबूच दिसते. मी म्हटलं, बरोबर आहे, समोर विदूषक बसला आहे. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. मी बोलवायलाही गेले नाही.

एकदा दुपारी सदर बाजारातून परत आले तर माझा सगळ्यात मोठा गंज, ज्या पातेल्यात मी रोजचा भात करायची, चुलीवर चढलेला आणि त्यात गुढियारीहून आणलेलं डांबर रटरट शिजत होतं. मामाजी लाकडाने ते ढवळत होते. हातातली पिशवी तिथेच टाकली.

"काय पाहून राहिली?" ते म्हणाले. "धुतला का निंगते."

तो गंज धुतल्याने निघाला नाही, राखेने निघाला नाही, रॉकेलने निघाला नाही. तो कायमचा डांबराचा झाला. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना ते महिनाभर कळलंसुद्धा नाही. न बोलणं म्हणजे भांडण, हे त्यांच्या गावी नव्हतं.

बोलले ते एकदाच, तेही नको तिथे बोलले. सांध्यांमधल्या फटी ते पुट्टीने गच्च भरत होते आणि वरून लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळत होते. मालडब्याचं काम होतं ते, नजर लागावी असं. प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवत, "नख जाते काय? नाही जात," असं स्वतःलाच विचारत आणि स्वतःलाच सांगत. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मी भाकरीची लाकडी काठवट पाण्याने भरून सावलीत ठेवत होते. दर उन्हाळ्यात ती वाळून तडकते आणि पाणी प्यायली की आपोआप मिटते, हे आमच्याकडे पोरीसोरींना माहीत असतं.

"लाकूड फुगते पाण्यात मामाजी," मी म्हटलं. "इतकं गच्च भरून राहिले तुम्ही, त्याले फुगाले जागा कुठं?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुही काठवट नदीत जाते काय?"

"नाही जात."

"मंग?"

मग काय? मी पाणी भरलेली काठवट उचलून आत गेले.

अक्तीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डोंगा महादेव घाटावर पाण्यात सोडला. त्याच टेम्पोतून नेला, पुन्हा चौकट उखडून. गल्लीतले अर्धे लोक गेले होते. मी गेले नाही, पुरण वाटत होते, कारण हुकूम तसा होता. डोंगा तरला. एक थेंब पाणी आत आलं नाही. मामाजी लढाई जिंकून आल्यासारखे घरी आले आणि पाच पुरणपोळ्या खाऊन, सहावीच्या कडेवरून नख फिरवून, ती परत ठेवून झोपले. माझं अंगण रिकामं झालं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाकं मधोमध लावली आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तो चार-पाच दिवसच टिकला. घाटाला बांधलेला डोंगा पाणी पीत गेला, फळ्या फुगल्या, त्यांना सरकायला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी बोल्ट फाडून जागा केली. मामाजी संध्याकाळी घाटावर गेले तेव्हा डोंग्याचं नुसतं पुढचं टोक पाण्याबाहेर होतं आणि त्यावर एक बगळा बसला होता. हे मला केवटाने सांगितलं. मामाजींनी कुणालाच काही सांगितलं नाही. डोंगा परत अंगणात आला, बाकं परत भिंतीला गेली. दोन दिवस ते त्याच्याजवळ गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आत काम करत असताना स्वयंपाकघरात आले, जिथे ते कधीच येत नसत. फडताळाखालची काठवट ओढली, तिच्यातलं पाणी मोरीत ओतलं, उजेडाकडे धरली, आणि तडा गेला होता तिथून अंगठ्याचं नख फिरवलं. मी पाठमोरी उभी राहून पोळी भाजत होते, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला सगळं दिसत होतं. त्यांनी काठवट होती तिथे ठेवली आणि निघून गेले. "नख जात नाही" एवढं म्हणायला जीभ झिजली नसती. पण म्हणाले नाहीत.

त्याच दुपारी त्यांनी पट्ट्या काढायला सुरुवात केली. सगळी पुट्टी खरवडून काढली, तिच्या जागी डांबरात भिजवलेली सुतळी, हलक्या हाताने, सैल भरली. आता लाकडाला उन्हाळाभर रोज थोडं पाणी पाजायला हवं होतं. त्यांनी मला दोन बादल्या मागितल्या.

"नळाची धार पहा बोटाएवढी येऊन राहिली," मी म्हटलं. "लोकाइले प्याले पाणी नाही, तुमच्या डोंग्याले कुठून पाजू? एक बादली तुमच्या आंघोळीची आहे, ते घ्या अन् काय कराचं ते करा."

हे मी रागात बोलले. ते त्यांनी शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते डोंग्यात बसून आंघोळ करू लागले.

सकाळी सहाला करा, असं मी हात जोडून सांगितलं. तर म्हणाले, सहाला देल्लं पाणी नऊला वाळते, नऊला देल्लं तं ऊन चढत राहाते अन् लाकूड ओढून घेते. शास्त्र होतं की सूड, देव जाणे. आमच्या अंगणाला मोरीकडे उतार, त्यामुळे सगळं पाणी डोंग्याच्या मागच्या भागाकडे धावे आणि पुढचं टोक कोरडं राही. म्हणून शेवटचा लोटा ते कधी अंगावर घेत नसत. उठून, पुढे सरकून, तो टोकाला ओतत. एवढा हिशेब त्यांनी माणसांच्या बाबतीत कधी ठेवला नाही.

मेसमध्ये जेवणाऱ्यांत एक बडे बाबू होते. मोठे टापटिपीचे, जेवायलाही इस्त्रीचा शर्ट घालून येणारे. त्यांनी चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "भाभीजी, ये बाबूजी क्या रोज़ यहीं नहाएँगे?" मी काही बोलायच्या आत डोंग्यातून उत्तर आलं, "हव. रोज." बडे बाबूंनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघे गेले. त्या दिवशी मी मामाजींना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी पंचा पिळला, दोरीवर टाकला आणि म्हणाले, "जो आंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्याले भेते, तो राज्य काय चालवीन?"

सूड मीही घेतला. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी डोंगा पालथा घालून बुडाला डांबर मारलं आणि नातेवाइकांकडे भिलाईला गेले. मी त्या पालथ्या डोंग्यावर फुलाफुलांचं मेणकापड अंथरलं, दोन्ही बाजूंना बाकं लावली आणि उरलेल्या बाबूंची पंगत बसवली. टेबल म्हणून तो झकास होता. जेवणं रंगात आली असताना मामाजी दारात उभे. सगळ्यांचे हात थांबले. मी हातात डाव घेऊन उभीच राहिले, म्हटलं आता होऊन जाऊ दे. ते आले, एक ताट उचललं, एका टोकाला बसले आणि मला म्हणाले, "वाढ." जेवून उठताना मेणकापडाची कड उचलायला गेले तर ते निघेना. डांबर वाळलं नव्हतं. फुलंच फुलं डोंग्याच्या बुडाला कायमची चिकटली. पुढे तो नदीत गेला तेव्हा त्या फुलांसकट गेला, आणि घाटावरची पोरं बुडी मारून ती पाहायची.

यावेळी तो तरला आणि तरतच राहिला. मग तो रिवाजच पडला. पावसाळा संपला की डोंगा घाटावर, उन्हाळा लागला की डांबर-सुतळीसाठी अंगणात. चौकट उखडायची, बसवायची. मेस आणि डोंगा, दोघांचीही अर्धी-अर्धी वर्षं झाली, आणि अर्ध्या वर्षात मला जमेल तेवढं मी कमावून घेत होते.

त्या डोंग्यात मी एकदाच बसले. दिवाळीनंतरची गोष्ट. मामाजी म्हणाले, "चाल सूनबाई. पुढं वजन पाहिजे." एवढ्या प्रेमाचं आमंत्रण नाकारवलं नाही. खारूनचं पाणी हिरवं, संथ. ते मागे उभे राहून बांबूने ढकलत होते. माणूस घरात जितका आडवा, तितका तिथे सरळ दिसत होता. मध्यावर आल्यावर मी विचारलं, "मामाजी, मेस काहून खुपते तुम्हाले?"

त्यांनी बांबू वर ओढून पुन्हा तळाला टेकवला.

"मी डबे दुरुस्तीले बाहेरगावी लायनीवर होतो तवा कितीक वर्षं मेसमध्ये जेवलो," ते म्हणाले. "तुही सासू अन् पोट्टे इथं, मी तिथं. ताट पुढं येते, वाढणारा तोंडाकडं पाहत नाही. तसं जेवण माह्या घरात नको."

"मी पाहते तोंडाकडं."

"तू पाहते, म्हणूनच तं ते जात नाहीत. त्याइनं आपल्या घरी गेलं पाहिजे. नाही तं बायकापोराइले इथं आणलं पाहिजे. तू चांगलं खाऊ घालते अन् त्याइले घर आठवत नाही."

"तुम्ही गेले होते काय घरी?"

"म्हणून तं सांगून राहिलो."

माझ्या हाताला आलेलं एकमेव प्रशस्तिपत्रक ते. 'तू चांगलं खाऊ घालते.' तेही आरोप म्हणून. मला राग आला होता, आणि त्या रागात आणखीही काही होतं, पण काठ आला आणि ते म्हणाले, "उतर आता, पाय जपून. डोंगा हालवू नको."

त्यांच्या मनासारखंच झालं पुढे. बाबूंना क्वार्टर मिळाले, त्यांच्या बायका भोपाळहून आल्या. मग सरकारी कचेऱ्या शहराबाहेर, नव्या वसवलेल्या भागात गेल्या, आणि उरलेले सकाळीच बसने तिकडे जाऊ लागले. एकेक बाक रिकामं झालं. त्याच सुमाराला मामाजींना दम लागायला लागला आणि ते आतल्या खोलीत खाटेला खिळले. मेस बंद पडल्याचं त्यांना मी सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे, आमच्यात एकमेकांना बातम्या सांगायची पद्धतच नव्हती.

फाल्गुनात एका दुपारी मी बाहेरून आले तर अंगण रिकामं. झाडून घेतलेलं. मधोमध डांबराचे दोन काळे पट्टे तेवढे. मामाजी भिंतीला धरून दारापर्यंत आले होते.

"केवटाले देऊन टाकला," ते म्हणाले. "आंगण खाली केलं तुह्यासाठी. बसव आता तुह्या बाबूलोकाइले. बारा महिने बसव."

ज्या अंगणासाठी इतकी वर्षं मी या माणसाशी भांडले, ते त्यांनी स्वतःच्या हाताने मला दिलं होतं, आणि त्यात बसवायला माझ्याकडे एक माणूस नव्हता. हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. 'बरं' म्हणाले आणि आत जाऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महादेव घाटावर गेले. डोंगा काठावर पालथा पडला होता, फुलं वर करून. त्याच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या.

"बबा तो मोला दे दिस, दीदी," केवट म्हणाला. मोला म्हणजे मला.

"बबाले काही समजत नाही," मी म्हटलं. "टेम्पो बोलाव."

चौकट यावेळी माझ्या नवऱ्याने उखडली. आवाज ऐकून मामाजींनी आतून विचारलं, "काहून आणला व?"

"तिथं सुकून राहिला होता. शेळ्या बसल्या होत्या."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "गाढव," म्हणाले. मला की केवटाला ते कळलं नाही. बहुधा दोघांनाही.

मेसचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांना कळलं असावं. त्यांची खाट मी अंगणात, डोंग्याशेजारी आणली. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचे, मग बादलीतलं उरलेलं पाणी मी डोंग्यात ओतायची. ते उशीवरून मान कलती करून पाहत.

"पुढच्या टोकाले नाही पोचलं."

"पोचलं."

"नाही पोचलं. मले दिसते इथून."

मी आणखी एक लोटा आणून टोकाला ओतायची. रोज. ते शेवटचे जे बोलले तेही हेच, दुसरं काही नाही. लोकांचे वडील जाताना आशीर्वाद देतात, निदान नाव तरी घेतात. आमचे 'नाही पोचलं' म्हणून गेले, वैशाखात, ऐन उन्हात.

घाटावरून सगळं आटोपून पुरुष मंडळी परत आली. मयताहून आलं की आंघोळ करूनच घरात यायचं, म्हणून मी अंगणात पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं आणि पाट मांडला होता. माझा नवरा पाटावर बसला नाही. त्याने बादली उचलली, डोंग्यात चढला, मधोमध मांडी घातली आणि डोक्यावर पाणी घेतलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो उतरल्यावर त्याचा चुलतभाऊ चढला. मग केवट. मग शेजारचे दोघे. रांगच लागली. सगळ्यात शेवटी, नव्या शहरातून बसने आलेले, केस पांढरे झालेले बडे बाबू. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून घडी घालून भिंतीवर ठेवला, धोतर सावरत डोंग्यात पाय टाकला आणि मला विचारलं, "भाभीजी, यहीं बैठते थे ना?"

"हव," मी म्हटलं. "इथंच."

सगळे गेल्यावर मी डोंग्याजवळ गेले. इतकं पाणी त्यात कधी पडलं नव्हतं. मागचा भाग भरून ते चढत चढत पुढे आलं होतं आणि पुढचं टोक, अगदी शेवटपर्यंत, बुडालं होतं. मी खाटेकडे वळले. म्हटलं, पहा, पोचलं. खाट रिकामी होती, आणि मला त्या माणसाचा असा राग आला, असा राग आला, की मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले.